पिकअपचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर: काम काय, बिघडतो कसा, बदलायचा कसा

सकाळी गार इंजिन पहिल्याच सेलला चालू होतं. वीस मैल जाऊन पेट्रोल भरायला थांबता, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवता, आणि आता सेल मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की इंजिन खोकत खोकत उठतं, मागून काळा धूर सोडतं आणि मिनिटभरात सुरळीत चालायला लागतं. १९९९ ते २००३ या काळातली शेव्हरले सिल्व्हराडो दारात उभी असेल, तर हे लक्षण ओळखीचं वाटेल. अशा वेळी पहिला संशय फ्युएल पंपावर जातो. पंप टाकीच्या आत असतो. तो बदलायचा तर टाकी उतरवा नाहीतर मागचा हौदा उचला, म्हणजे खर्च दणदणीत. आणि नवा पंप बसवूनही गाडी तशीच, कारण दोष होता इंजिनावर बसलेल्या, मुठीत मावेल एवढ्या पत्र्याच्या डबीत. तीच डबी म्हणजे फ्युएल प्रेशर रेग्युलेटर.

अमेरिकेत जुनी पिकअप बाळगणारे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच बॉनेट उघडणारे मराठी लोक आहेत. तिकडे गॅरेजची मजुरी तासावर लागते, त्यामुळे स्वतः करण्यात अर्थही असतो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. उदाहरण म्हणून ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची सिल्व्हराडो घेतली आहे. इतर काही पिकअपबद्दल पुढे थोडक्यात येईलच, आणि आपल्याकडच्या डिझेल पिकअपबद्दलही, कारण तिथलं प्रकरण अगदीच वेगळं आहे.

हा रेग्युलेटर करतो काय?

टाकीतला पंप इंजिनाच्या भुकेपेक्षा नेहमीच जास्त पेट्रोल पुढे ढकलतो. ते फिल्टरमधून रेलमध्ये येतं. रेल म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरची धातूची नळी, तिला सगळे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे झारे, जोडलेले. ठिबक असलेल्या शेतात मोटरजवळ बायपास व्हॉल्व्ह असतो, पाइपात दाब वाढला की जादा पाणी परत विहिरीत सोडणारा; रेग्युलेटर तेच काम पेट्रोलचं करतो. आत एक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. एका बाजूनं त्याला स्प्रिंग दाबते, दुसऱ्या बाजूनं पेट्रोल. पेट्रोलचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की पडदा मागे सरतो, झडप उघडते आणि जादा पेट्रोल रिटर्न लाइननं टाकीत जातं. ठरलेला दाब आला की झडप पुन्हा मिटते. प्रत्यक्षात उघड-मीट अशी होत नाही. झडप कायम थोडी उघडी राहून सतत जुळवून घेत असते.

पण ठिबकच्या नळीतून पाणी उघड्या हवेत पडतं, आणि हवेचा दाब काही दर सेकंदाला बदलत नाही. इंजेक्टर पेट्रोल फवारतो ते इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यात, आणि तिथला दाब तुमच्या पायाच्या अंगठ्यावर नाचत असतो. गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप, जवळजवळ बंद असतो. सिलिंडर हवा ओढतात, पण हवा येऊ शकत नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० पीएसआयनं (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे दाबाचं माप) कमी दाब. पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की थ्रॉटल सताड उघडतो आणि हा फरक जवळजवळ शून्यावर येतो.

आता इंजेक्टरच्या नजरेनं बघा. त्याच्या मागे पेट्रोलचा दाब, पुढे मॅनिफोल्ड. रेलमध्ये कायम ५८ पीएसआय ठेवला, तर पूर्ण थ्रॉटलला इंजेक्टरला ५८ चा फरक मिळेल, पण गाडी उभी असताना पुढून १० ची ओढ असल्यामुळे तोच फरक ६८ होईल. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. ५८ चे ६८ झाले की तेवढ्याच वेळात सुमारे ८ टक्के जास्त पेट्रोल जाणार. इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच ठरवतो. उघडलेल्या तोंडातून नक्की किती पेट्रोल गेलं हे मोजायचं त्याच्याकडे साधन नाही. फरक पक्का आहे, या विश्वासावर त्याचा सगळा हिशेब उभा असतो.

म्हणून रेग्युलेटरच्या डोक्यावर एक बारीक नळी असते आणि ती मॅनिफोल्डला जोडलेली असते. ही व्हॅक्यूम नळी स्प्रिंगच्या बाजूला निर्वात पोचवते. मॅनिफोल्डमध्ये ओढ वाढली की स्प्रिंगचा जोर तेवढाच कमी पडतो, झडप जास्त उघडते, आणि रेलमधला दाबही तितकाच खाली येतो. ५८ चे ४८. पुढची ओढ १०, मागचा दाब ४८, म्हणजे फरक पुन्हा ५८. रेलमधला दाब सारखा बदलत राहतो, फरक मात्र हलत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या चाचण्या पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

बिघडतो कसा?

सर्वांत जास्त आढळणारा बिघाड म्हणजे डायफ्राम फाटणं. रबर वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये भिजलेलं आणि इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं. त्याला चीर पडते. मग पेट्रोल त्या चिरेतून वरच्या कप्प्यात येतं आणि व्हॅक्यूम नळीतून सरळ मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं, इंजेक्टरला वळसा घालून, कॉम्प्युटरला न विचारता. इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये उरलेला दाब ते पेट्रोल हळूहळू आत सोडत राहतो. गरम इंजिन पाच-दहा मिनिटांनी चालू व्हायला का कुरकुरतं, ते यावरून कळेल: आत आधीच पेट्रोलचा सडा पडलेला असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारल्यावर ते उठतं याचंही कारण आहे. तसं केलं की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा खेळवून सिलिंडर कोरडे करतो.

ही चीर पडल्यावर ॲव्हरेज घसरतं, स्पार्क प्लगवर काजळी धरते, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर, म्हणजे कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, बहुतेक वेळा पी०१७२ किंवा पी०१७५ दिसतं. इंजिनाच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला मिश्रणात पेट्रोल जास्त आहे असा त्याचा अर्थ. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती कमी किंवा जास्त करतोय तो आकडा, बघता येत असेल तर एक गोष्ट जरूर तपासा. गाडी उभी असताना मॅनिफोल्डची ओढ जास्त, म्हणून फाटलेल्या पडद्यातून गळतीही तेव्हाच जास्त. अशा वेळी ट्रिम उणेकडे खोल जातो आणि इंजिन अडीच हजार आरपीएमवर नेलं की बराच सुधारतो. दाबच चढा असेल, म्हणजे झडप अडकली असेल किंवा रिटर्न लाइन तुंबली असेल, तर ट्रिम सगळीकडेच उणे राहतो. स्कॅनरवरचा हा एक आकडा बॉनेट उघडायच्या आधीच बरंच काही सांगून जातो.

उलटा बिघाडही होतो. स्प्रिंग थकली किंवा झडपेत कचरा अडकून ती उघडी राहिली, तर पेट्रोल रेलमध्ये थांबतच नाही, परत टाकीत पळतं. इंजिन उपाशी राहतं, चढावर किंवा ट्रेलर ओढताना झटके देतं, पी०१७१ आणि पी०१७४ येतात, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पण थकलेला पंप आणि तुंबलेला फिल्टरही हुबेहूब हेच नाटक करतात, आणि माझ्या मते कमी दाबाच्या तक्रारीत दोष रेग्युलेटरपेक्षा त्या दोघांचाच जास्त वेळा असतो. डायफ्राम फाटण्याचं मात्र तसं नाही. तो पुरावा सोडून जातो.

तपासायचं कसं?

पहिली चाचणी फुकटची. रेग्युलेटरवरची व्हॅक्यूम नळी उपसा आणि तिच्यात बघा, वास घ्या. ती कोरडी असायला हवी. पेट्रोलचा थेंब दिसला किंवा ओलसर वास आला, तर डायफ्राम फाटला आहे. पुढे काही मोजायची गरज नाही. नळी स्वतःच कडक होऊन तडकली आहे का, तेही बघून घ्या. नळी फुटकी असेल तर रेग्युलेटर ठणठणीत असूनही दाब चढा राहतो, आणि नळीचा तुकडा बदलणं हे काही मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या चाचणीला पेट्रोलचा दाब मोजणारा गेज लागतो. अमेरिकेत गाडीच्या सुट्या भागांची बरीच दुकानं तो अनामत ठेवून वापरायला देतात. रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा दिसणारा एक व्हॉल्व्ह असतो, गेज त्यावर बसतो. इंजिन चालू न करता नुसती किल्ली ऑन केली की पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो. साध्या पेट्रोलवरच्या ५.३ इंजिनाला या वेळी ५५ ते ६२ पीएसआय दिसला पाहिजे. इंजिन चालू करून तसंच सोडलं की तो ३ ते १० पीएसआयनं खाली यायला हवा, आणि व्हॅक्यूम नळी उपसली की पुन्हा वर उडी मारायला हवा. उडीच मारली नाही, तर रेग्युलेटरपर्यंत निर्वात पोचत नाही किंवा तो आतून अडकला आहे. म्हणूनच, गेज लावून 'छप्पन्न आहे, ठीक आहे' म्हणणारा मेकॅनिक अर्धीच तपासणी करतो. छप्पन्न किल्लीवर असेल तर ठीक. गाडी नुसती उभी चालू असताना, नळी जागेवर असून छप्पन्न असेल, तर त्या आकड्याला प्रश्न विचारावा लागतो.

तिसरी गोष्ट, इंजिन बंद केल्यावर दाब टिकतो का. काटा झरझर उतरत असेल तर तीन संशयित: पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर आणि रेग्युलेटर. दाब चढवून आधी पंपाकडून येणारी लाइन बंद करायची. काटा थांबला, तर गळती पंपाच्या बाजूला. नाही थांबला तर रिटर्न लाइन बंद करायची. आता थांबला, तर रेग्युलेटर. दोन्ही बंद करूनही उतरत असेल आणि व्हॅक्यूम नळी कोरडी असेल, तर इंजेक्टर. या गाड्यांत काही लाइन नायलॉनच्या आहेत; त्या पकडीनं चिमटल्या तर चिरतात. त्यासाठी मध्ये जोडायचे छोटे कॉक मिळतात, तेच वापरावेत. इंजिन चालू असताना रिटर्न पूर्ण बंद ठेवायची तर क्षणभरच. पंप दाब कुठच्या कुठे नेतो.

बदलायचा कसा?

काम तासाभराचं आहे, पण पेट्रोलचं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. अमेरिकन घरांत गॅसवरचा वॉटर हीटर पुष्कळदा गॅरेजमध्येच असतो आणि जुन्या हीटरमध्ये लहानशी ज्योत कायम तेवत असते. म्हणून हे काम गॅरेजमध्ये करूच नका, गाडी बाहेर ड्राइव्हवेवर काढा. इंजिन गार होऊ द्या. शेजारी अग्निशामक, डोळ्यांवर चष्मा. तारेच्या पिंजऱ्यातला तो जुना बल्ब वापरू नका. पडून फुटला तर ठिणगी तिथेच.

टाकीचं झाकण सैल करून आतला दाब सोडा. मग गेजच्या बाजूच्या नळीतून रेलमधलं पेट्रोल बाटलीत काढा. तशी नळी नसेल तर त्या व्हॉल्व्हवर जाड फडकं धरून आतली पिन हळूच दाबा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण निघालं की ड्रायव्हरच्या बाजूच्या रेलवर रेग्युलेटर दिसतो. हात लावण्याआधी भोवतालची धूळ-माती ब्रशनं साफ करा, कारण तो निघाला की तिथे उघडं भोक राहतं आणि त्यात पडलेला वाळूचा कण पुढे नव्या रेग्युलेटरच्या झडपेत जाऊन बसू शकतो.

व्हॅक्यूम नळी काढा. रेग्युलेटरला धरून ठेवणारी सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, पक्कडीनं काढा. ती उडते, दुसऱ्या हातानं झाकून ठेवा. मग रेग्युलेटर थोडा फिरवत सरळ वर खेचा. दाब सोडला तरी थोडं पेट्रोल सांडतंच, खाली फडकं हवं. यानंतर बहुतेक जण घाई करतात आणि फसतात. जुनी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी), तिच्यामागची आधाराची रिंग किंवा इवलीशी जाळी रेग्युलेटरबरोबर न येता भोकातच चिकटून राहते. त्यावर नवा दाबून बसवला तर ओ-रिंगवर ओ-रिंग चढते आणि गळती ठरलेली. काढलेल्या रेग्युलेटरवरच्या रिंगा नव्यावरच्या रिंगांशी ताडून बघा. टॉर्च मारून भोक तपासा.

नव्या ओ-रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा. कोरड्या बसवल्या तर पिळवटतात. जुन्या ओ-रिंगा आणि शक्यतो जुनी सर्क्लिपही पुन्हा वापरू नका. रेग्युलेटर सरळ दाबून बसवा. सर्क्लिप खाचेत सगळीकडून बसली की नाही, हे बोटानं चाचपून पाहा. साठ पीएसआय म्हणजे साधारण चार किलोचा दाब, गाडीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. क्लिप अर्धवट बसली असेल तर रेग्युलेटर उडतो आणि तापल्या इंजिनावर पेट्रोलचं कारंजं होतं.

बॅटरी जोडा. इंजिन चालू करायची घाई नको. किल्ली दोन सेकंद ऑन, दहा सेकंद ऑफ, असं दोन-तीनदा करून दाब भरा आणि टॉर्चनं सांध्यांवर ओल शोधा. कोरडं असेल तरच सेल मारा, मग पुन्हा बघा आणि गेजवर तीच उडीची चाचणी घ्या. डायफ्राम फाटलेला असेल तर आणखी एक काम: डिपस्टिक काढून वास घ्या. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आणि त्याचा फिल्टर लगेच बदला. बराच काळ तशीच गाडी चालवली असेल, तर जादा पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापून खराब होण्याचीही शक्यता असते, आणि त्याची किंमत रेग्युलेटरच्या कितीतरी पट आहे.

पार्ट मागवताना गाडीच्या व्हीआयएनमधलं (गाडीचा ओळख क्रमांक) आठवं अक्षर बघा. ५.३ मध्ये टी असेल तर साधं इंजिन, झेड असेल तर इथेनॉलवरही चालणारं. दोघांच्या दाबाचे आकडे वेगळे आहेत. दाब कमीजास्त करता येणारे हौशी रेग्युलेटरही बाजारात मिळतात. साध्या इंजिनावर ते लावून दाब वाढवल्यानं ताकद वाढत नाही. ऑक्सिजन सेन्सर जादा पेट्रोल पकडतो आणि कॉम्प्युटर तेवढा वेळ कापून टाकतो.

इतर पिकअपमध्ये

१९८७ ते १९९५ च्या शेव्हरलेत कार्ब्युरेटरच्या जागी बसणारी थ्रॉटल बॉडी असे. तिथे दाब फक्त ९ ते १३ पीएसआय आणि रेग्युलेटर त्या बॉडीतच. पुढच्या १९९६ नंतरच्या ५.७ व्होर्टेक इंजिनात रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या पोटात लपवला आहे. तो गळला तर पेट्रोल आतल्या आत सांडतं, बाहेर थेंब दिसत नाही. वरचं झाकण उघडल्यावर बाकी सगळीकडे काजळी आणि गळतीखालचा भाग मात्र धुतल्यासारखा चकचकीत. हे इंजिन दाबाबाबत फार नखरेलही आहे, ६० च्या थोडं खाली गेलं की चालूच व्हायला तयार नसतं. १९८७ ते १९९६ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये रेग्युलेटर तीन ॲलन स्क्रूंवर बसतो, पण स्क्रू खालच्या बाजूनं असल्यामुळे हात घालताना घाम निघतो.

सिल्व्हराडोतही २००४ च्या सुमारास रिटर्न लाइन गेली. कारण साधं: इंजिनाजवळून फिरून आलेलं पेट्रोल गरम होऊन टाकीत परतायचं, टाकी तापायची, वाफ वाढायची आणि ती अडवण्याचे नियम कडक होत चालले होते. आता रेग्युलेटर टाकीत पंपाशेजारीच बसतो, दाब एकच ठेवतो, आणि मॅनिफोल्डच्या ओढीचा हिशेब कॉम्प्युटर सेन्सर वाचून स्वतः करतो. २००४ च्या एफ-१५० मध्ये तर पंपाचा वेगच विजेवर कमीजास्त होतो. तो सांभाळणारा मॉड्यूल स्टेपनीच्या वरच्या लोखंडी आडव्याला लावलेला, आणि बर्फावर टाकलेल्या मिठानं तो सडतो. अशा गाडीत इंजिनावर रेग्युलेटर शोधत बसू नका.

आणि आपल्याकडची बोलेरो पिकअप? ती डिझेल, कॉमन रेलवाली, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच रेलमधून प्रचंड दाबाचं डिझेल मिळतं. तिथे दाब पीएसआयमध्ये मोजतच नाहीत, बारमध्ये मोजतात, आणि तो हजाराच्या वर जातो. वरच्या पेट्रोल गाडीत तो चारच बार होता. हाय प्रेशर पंपावरचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आणि रेलवरचा सेन्सर मिळून तो सांभाळतात. जुन्या डिझेल गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय ते ओळखायचे. कॉमन रेलवर ही सवय जीवावर बेतू शकते: त्या दाबाचा डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो, वर जखम टाचणीएवढी दिसते आणि आत बोट, प्रसंगी हात गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना सांगायचं. या गाड्यांत स्कॅनरवर मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. पंप उतरवायची गोष्ट निघाली की आधी ते दोन आकडे दाखवायला सांगा.